पाचवी वायर

"चोर कुठून येईल असं वाटतं तुम्हाला?"

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून, ओठांत दोन स्क्रू धरून, कॅमेरे बसवायला आलेल्या पोराने मला हे विचारलं. एप्रिलची दुपार होती. कौलांखालची हवा तापून जड झाली होती आणि ओटीवर फणसाचा वास भरला होता. माझ्या हातात घराचा नकाशा होता. पुण्यात बसून, गुगलवरचा वरून दिसणारा आमच्या कौलांचा लाल ठिपका मोठा करून मी तो काढला होता. सोबत एक्सेलची शीट होती आणि तिच्यात कॅमेऱ्यांचे क्रमांक, लेन्स, वायरीची लांबी, खर्च असे सगळे रकाने भरलेले होते. चोराचा रकाना तेवढा नव्हता. या घरात जन्मलो, सतरा वर्षं इथे काढली, आणि दापोली तालुक्यातल्या या चार खणांच्या घरात बाहेरचा माणूस कुठून शिरेल हे मला सांगता येईना. "बेड्यातून," अंगणाच्या फाटकाकडे बोट दाखवून मी आपलं काहीतरी बोललो. पोराने ओठांतले स्क्रू काढले आणि हसून म्हणाला, "बेड्यातून पाहुणे येतात, दादा."

तेवढ्यात माजघरातून आईचा आवाज आला. ती हाताला तेल लावून फणस फोडत बसली होती. "परसदाराची कडी बाहेरून दोनदा हलवली की आपोआप पडते. न्हाणीच्या खिडकीचा मधला गज वर उचलला की निघतो. गोठ्याकडून दोन कौलं काढली तर माळ्यावर उतरता येतं, तिथे वासा खाली आहे. आणि विहिरीकडचा गडगा गेल्या पावसात ढासळलाय, तो अजून कुणी लावलेला नाही." एवढं सगळं एका दमात. पाढे म्हणावेत तसं. मग सुरी कोयत्यावर घासल्याचा आवाज, आणि पुढचं वाक्य थोडं हळू: "रोज निजताना एकदा मनात फिरून येते मी."

पोराने कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या नकाशावर चार फुल्या मारल्या. त्यातल्या एकाही जागी माझा कॅमेरा नव्हता.

माझे चार कॅमेरे कुठे होते ते सांगायला आज लाज वाटते. दोन ओटीवर, एक बेड्याच्या खांबावर आणि एक माजघरात. माजघरातला चोरासाठी नव्हताच. आई पडली-बिडली तर कळावं, असं मी आणि बहिणीने फोनवर ठरवलं होतं. वाडीतली दोन बंद घरं फुटली, तांब्यापितळेची भांडी गेली, तेव्हापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. चोरीची भीती खरी होती, पण तिच्या आडून दुसरीच एक भीती घरात कॅमेरा लावून घेत होती. आईने चष्मा लावून नकाशा पाहिला. माजघरातल्या गोल खुणेवर तेलकट बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय चोरायचंय? मी?" तो कॅमेरा तिथल्या तिथे रद्द झाला. कागदावर त्या बोटाचा तेलाचा डाग अजून आहे, उजेडाकडे धरला की आरपार दिसतो.

मूळ बेत वायफायवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा होता. वायर नको, खोदकाम नको, भिंतीला चिकटवा आणि फोनवर बघा. बहिणीचा आग्रह होता, आणि बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये तिचं बरोबरच आहे. पण आमच्या भिंती दीड फूट जाड जांभ्याच्या. ओटीवरचा राऊटर माजघरात पोचेपर्यंत दमतो आणि परसात त्याचा पत्ताच नसतो. शिवाय वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, म्हणजे वायर आलीच, आणि शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यापाशी एक प्लग. पावसाळ्यात बाहेरचा प्लग म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा ठरलं की एकच वायर ओढायची, तिच्यातूनच चित्र येईल आणि तिच्यातूनच वीज जाईल. या पद्धतीला पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट म्हणतात. सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं साठवणाऱ्या रेकॉर्डरकडून साधारण ४८ व्होल्टची वीज जाते. एका तोंडातून १५ वॅट सुटले की कॅमेऱ्याला तेरा मिळतात. कॅमेऱ्याला लागतात पाच-सात, रात्री त्याचे न दिसणारे दिवे पेटले की थोडे जास्त. पोरगा म्हणाला, "एक वायर, एक भोक. भोकं कमी ती बरी. पाणी भोकातनंच येतं."

वायर किती लागेल याचं माझं उत्तर बासष्ट मीटर होतं. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं. पोराने माझा कागद बाजूला ठेवला आणि आईकडे सुतळी मागितली. मग आम्ही दोघे अख्खी दुपार सुतळी घेऊन घरभर हिंडलो. रेकॉर्डरच्या जागेपासून वर वाशापर्यंत, वाशाच्या कडेने आढ्याखालून, विजेच्या जुन्या पट्टीपासून वीतभर लांब राहून, जिथे ती ओलांडावीच लागेल तिथे सरळ काटकोनात, आणि मग खाली. पट्टी पक्ष्यासारखी जाते, वायर उंदरासारखी जाते. ओटी ११ मीटर, परसदार १७, न्हाणी २२, गोठा २७, विहिरीकडचा कोपरा ३१. बेरीज १०८. वर दोन्ही टोकांना मीटर-दीड मीटर जास्तीची. शंभर मीटरची मर्यादा एकेका वायरीला असते, त्यामुळे त्या बाजूने काही अडचण नव्हती. अडचण माझ्या गुडघ्यांची होती. माळ्यावर ओणवा होऊन मी वाशाला सुतळी धरून बसलो होतो, नाकात जुन्या भाताच्या तुसाचा आणि वटवाघळांचा वास होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट डाचत होती. आई हा सगळा रस्ता रोज अंथरुणात पडल्या पडल्या चालते. बाबा गेल्याला अकरा वर्षं झाली. म्हणजे किती रात्री झाल्या, हे मी एक्सेलवाला असूनही मोजलं नाही.

वायरीचं खोकं उघडलं तेव्हा पोराने आधी टोक कापून आतल्या एका तारेवर ब्लेड घासलं. वरचा लाल रंग गेला आणि आतून चांदीसारखं चकाकलं तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. घासूनही लालच राहिली तर अस्सल. मुलाम्याची स्वस्त असते आणि टेबलावर छान चालते. लांब अंतरावर वीज न्यायची म्हटली की ती तापते, दम टाकते, आणि रात्री दिवे लागले की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. "दिवसा चांगला असतो, रात्री झोपतो," पोरगा म्हणाला, "वॉचमनसारखा." आमची लालच राहिली. बाहेरच्या टप्प्यासाठी काळ्या जाड सालीची वायर वेगळी घेतली, कारण आतली करडी वायर उन्हात तडकते. पुण्याच्या दुकानदाराने मला तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

आत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. कुणाची घट्ट, कुणाची सैल. एका जोडीतला आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून. आई वाती वळता वळता हे ऐकत होती. तिने एक जोडी हातात घेतली, पीळ उलगडून पाहिला, आणि तिच्या फुलवातीच्या डब्याशेजारी ठेवून दिली. टोकाला प्लग बसवताना मात्र पीळ सोडून आठही तारा एका ओळीत लावाव्या लागतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पोरगा हे ओठांत पुटपुटत होता. तिसऱ्यांदा आईने विचारलं, "हिरव्याची जोडी तोडून मध्ये निळा का घातलास?" तो थांबला. "तसंच असतंय, आजी." खरं कारण टेलिफोनच्या जुन्या जोडणीत आहे, मधल्या दोन जागा तिने आधीच अडवल्या होत्या आणि नंतर आलेल्यांना तिच्या दोन्ही बाजूंना पाय फाकून उभं राहावं लागलं. मी ते सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे थोरल्या जावेचं कपाट." आमच्या घरात हे कपाट काय होतं ते इथे लिहीत नाही, हयात माणसं वाचतात.

जांभ्यात भोक पाडणं ही जगातली सगळ्यात फसवी सोपी गोष्ट आहे. ड्रिल लोण्यात जावं तसं जातं, लाल भुकटी अंगावर उडते, आपल्याला वाटतं वा, काय हात आहे आपला. मग प्लॅस्टिकचा गट्टू घालून स्क्रू पिळावा तर गट्टू स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो, कारण आत दगड नसतोच, पोकळी असते. जांभा म्हणजे दगडाचा स्पंज. गोठ्याच्या कोपऱ्यावर तीन भोकं वाया गेल्यावर पोराने नाद सोडला आणि माळ्यावरून फणसाच्या लाकडाची एक जुनी फळी काढली. फळी चार ठिकाणी लांब स्क्रूंनी भिंतीला आणि वाशाला मिळून बांधायची, तिच्यावर डबी, डबीवर कॅमेरा. वायरीचा जोड डबीच्या आत. बाहेर लोंबला तर पहिल्या पावसात हिरवा पडतो. आणि डबीत शिरण्याआधी वायरीला झोळ द्यायचा, म्हणजे ती आधी भोकाच्या खाली उतरली पाहिजे आणि मग वर चढून आत गेली पाहिजे. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थांबतं आणि तिथून खाली गळतं. भोकसुद्धा बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ छापलेलं असतं. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाणार नाही. पण कोकणातला पाऊस अर्ध्या तासाचा नसतो, आणि तो खालून वरसुद्धा पडतो.

एका ठिकाणी नवं भोक पाडावं लागलं नाही. ओटीच्या वाशाखाली एक जुनं होतं, चिंधीने बुजवलेलं. चिंधी ओढली तर आतून कोळ्याची अंडी आणि चपट्या पांढऱ्या वायरीचा वीतभर तुकडा निघाला. दूरदर्शनची अँटेना. पोराने त्यातून पेन्सिल सरकवली, ती बाहेरच्या बाजूला उतरत गेली. "ज्याने पाडलंय त्याला कळत होतं," तो म्हणाला. बाबांनी पाडलं होतं ते. मी खाली छिन्नी-हातोडा द्यायला उभा होतो आणि ते कसं तिरपं जातंय म्हणून त्यांना हसलोही होतो. त्यांना खिळा सरळ मारता येत नाही, असं मी नंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो.

कॅमेऱ्याची उंची नऊ-दहा फूट असावी असं सगळे सांगतात. खाली लावला तर हात पोचतो, फार वर लावला तर टोपी दिसते, चेहरा नाही. आमच्या पडवीचं छप्पर कडेला सहा फुटांवर येतं, पाहुणे वाकूनच आत येतात. तेव्हा तो प्रश्न घरानेच सोडवला होता, थोडा आत घेऊन लावायचा. मी जागा नक्की केली, पोराने खूण केली, आणि आईने उंबऱ्यावरून विचारलं, "मृगाच्या आधी झापं लागतात तिथे. मग ह्याला काय दिसणार?"

झापं! सतरा पावसाळे मी त्या झापांच्या आत बसून काढले होते. माडाच्या झावळांची विणलेली ती झापं जूनच्या आधी पडवीच्या कडेने उभी बांधली की ओटीवर चार महिने तपकिरी अंधार व्हायचा, झडीचा आवाज बाहेर राहायचा आणि आत ओल्या झावळांचा गोडसर वास. आता झापांऐवजी बरेच जण निळं प्लॅस्टिक लावतात, आई अजून झापं लावून घेते. माझा कॅमेरा जून ते सप्टेंबर त्यांच्याकडे बघत बसला असता. दुसरी जागा शोधली तर तिथे दिवाळीनंतर अंगणात मांडव पडतो, सुपारी वाळत घालायला, आणि मांडवाचा एक खांब बरोबर समोर येतो. हे घर वर्षातून दोनदा आपला आकार बदलतं हे मी विसरलो होतो. माझा नकाशा एप्रिलचा होता, आणि एप्रिल हा इथला फक्त एक महिना आहे. कागद घेऊन आईपाशी बसलो तर तिने पागोळ्यांची ओळ कुठे पडते तेही दाखवलं. पागोळ्यांच्या मागे कॅमेरा लावला की रात्री त्याच्या दिव्यांनी प्रत्येक थेंब पांढरा पेटतो, पलीकडे काळोख. पोरगा म्हणाला, "आजींना घ्या आमच्या कंपनीत."

बेड्यावरचा कॅमेरा पोराने स्वतःच रद्द केला. ओटीपासून बेडं बावीस मीटर, म्हणजे उघड्यावरून तांब्याची तेवढी तार. वैशाखात आणि परतीच्या पावसात इथे ज्या विजा होतात त्यात अशा लांब तारा आधी सापडतात. वीज थेट पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी तारेत झटका उठतो आणि त्याच वाटेने घरात येऊन रेकॉर्डर, राऊटर, टीव्ही घेऊन जातो. तांब्याऐवजी वीज न वाहणारी काचेची फायबर टाकता आली असती, पण खर्च वाढत होता. मग ओटीवरूनच ६ मिमीची लेन्स बेड्याकडे रोखावी असं मी म्हटलं. तिचं गणित मी केलेलं होतं: २.८ मिमीची लेन्स अर्धं अंगण पोटात घेते, पण चार मेगापिक्सेलमध्ये अनोळखी चेहरा पटण्यासारखा दिसतो तो चार-साडेचार मीटरपर्यंतच. ६ मिमीची अरुंद बघते पण दहा मीटरपर्यंत चेहरा देते. त्यापलीकडे "कुणीतरी आलं" एवढंच. मग दहा मीटरच्या आत माणूस थांबतो कुठे? डोणीपाशी. पायरीशेजारी जांभ्याची डोण आहे, येणारा तिथे पाय धुतो, निदान चपला काढायला वाकून पुन्हा ताठ होतो. कॅमेरा डोणीवर रोखला. चोर पाय धुणार नाही हे मला मान्य आहे. पण डोणीला वळसा घातल्याशिवाय त्याला ओटीवर चढता येत नाही.

रेकॉर्डर ठेवायला जागा शोधण्यात संध्याकाळ गेली. माळ्यावर कौलं तापतात आणि उंदीर आहेत. कोठीत भाताची धूळ. देवघरावरची फळी मला योग्य वाटली होती, हवा खेळती होती, इन्व्हर्टर जवळ होता. "देवाच्या डोक्यावर पेटी नको," एवढ्या चार शब्दांत ते संपलं. शेवटी फडताळात, मागची फळी कापून, जुन्या पंचांगांच्या शेजारी. आत दोन टीबीची डिस्क. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट लिहीत राहिला तर दिवसाला ४३ जीबी होतात. चार कॅमेरे, अकरा-बारा दिवस. तेराव्या दिवशी जुनं आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं बसतं. तेरावा दिवस म्हटल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. पासवर्ड तिने दिला. कारखान्यातून येतो तोच पासवर्ड ठेवायचा नाही, हे मी तिला २०१६ची गोष्ट सांगून पटवलं: पासवर्ड न बदललेले जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर 'मिराय' नावाच्या एका प्रोग्रॅमने असे कामाला जुंपले की अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. आईला त्यातलं अमेरिकेचं काही वाटलं नाही. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याचं काम करते हे तिला वाईट वाटलं. पासवर्डमध्ये आमच्या शेवटच्या गाईचं नाव आहे. पुढचे आकडे सांगत नाही.

"आणि मला कुठे दिसणार?" हे तिने सगळं झाल्यावर विचारलं. माझ्या फोनवर दिसणार होतं, बहिणीच्या फोनवर दिसणार होतं. तिला दिसण्याची सोय मी केलीच नव्हती. फडताळातून टीव्हीपर्यंत एक जास्तीची केबल टाकली, पोराच्या पिशवीत होती म्हणून बरं. आता संध्याकाळी मालिकेच्या ऐवजी ती कधीकधी गडगा लावून ठेवते. म्हणते, जाहिराती नसतात.

शेजारची काकू दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्ता मागायला आली आणि बेड्यापासून डोणीपर्यंत नेहमीपेक्षा सावकाश चालली. पदर सारखा केला. मग ओटीवर न चढता, कॅमेऱ्याकडे न बघता, विचारलं, "आमची पडवी दिसते काय रे त्यात?" दिसत होती. गोठ्यावरच्या कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात तिची पडवी, तिचा पाटा, वाळत घातलेली लुगडी. मी तिला आत नेऊन टीव्हीवर दाखवलं आणि तिच्यासमोर त्या कोपऱ्यावर काळी चौकट ओढली. तसं करता येतं. तेवढा भाग मग रेकॉर्डही होत नाही. ती समाधानाने गेली, पण नंतरचे आठ दिवस ती आमच्या परसदारानेच येत राहिली.

आणि परसदारच तर राहिलं होतं.

आईच्याच यादीत ते पहिलं होतं. कडी दोनदा हलवली की पडते. वायर ओढून झाली होती, १७ मीटर, भोक पाडून टोक बाहेर काढलेलं, डबी बसवलेली. पोरगा कॅमेरा घेऊन शिडी लावायला गेला तर आई दारात उभी. "इथे नको." मी चिडलो. कबूल करतो, आवाज चढला माझा. तूच म्हणालीस इथून येईल, आणि आता इथेच नको? ती शांतपणे म्हणाली, "इथे बायका बसतात." मला कळेना. मग तिने जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, भांडी घासत, माझ्याकडे पाठ करून. गवत कापायला येणारी इथल्या पायरीवर भाकरी खाते, आणि तिच्या घरच्यांना वाटतं ती ती भाकरी घरी आणते. वरच्या वाडीतली एक सून दोनदा रडायला आली होती इथे. कुणी उसने पैसे मागायला येतं, कुणी परत करायला. पुढच्या दाराने यायला ज्यांना कारण सांगावं लागतं ते सगळे मागच्या दाराने येतात. "त्यांना तू चौकट घालून झाकणार आहेस काय? कॅमेरा आहे म्हटल्यावर कोण बसेल?"

मी काळी चौकट, वेळापत्रक, रात्री दहा ते सकाळी सहा एवढंच रेकॉर्डिंग असं सगळं सुचवून पाहिलं. तांत्रिकदृष्ट्या माझं खरं होतं. पोरगा शिडीला टेकून गप्प उभा होता, अशा वेळी गप्प राहायचं असतं हे त्याला त्याच्या धंद्याने शिकवलं असावं. मग त्यानेच दाराच्या बाजूच्या भिंतीत एक चौकोनी खोबण बोटाने दाखवली. "हे भोक कशाचं? मघाशी यातनंच वायर काढणार होतो मी." आई वळली. "अडसराचं." अडसर माळ्यावर होता, आदल्या दिवशी माझ्या डोक्याला दोनदा लागलेलं ते सागाचं दांडकं तेच होतं. बाबांनी कडी बसवली तेव्हा तो वर गेला होता. खाली आणून पुसला, खोबणीत कोळशाची भुकटी आणि उंदराचं घरटं होतं ते काढलं, आणि ढकलला. पहिल्यांदा अडला. आईने थोडं खोबरेल लावलं. मग तो एक जाड, ओढलेला आवाज करत आत गेला आणि पलीकडे बसला. दार हलवून बघितलं. भिंत हलेल पण दार नाही.

पाचव्या वायरीचं टोक गुंडाळून, चिकटपट्टी लावून पोराने रिकाम्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. "वायर ओढणं अवघड असतंय," तो म्हणाला, "कॅमेरा काय, कधीपण लागतो." उरलेल्या वायरीचं खोकं माळ्यावर ठेवलं. त्यातली आठ-दहा मीटर आईने कापून घेतली आहे. न्हाणीमागे कपडे वाळत घालायला छान होते म्हणते, सैल पडत नाही.

पुण्यात माझ्या फोनवर आता पाच चौकोन दिसतात. पहिल्या आठवड्यात दिवसाला शंभर-सव्वाशे घंट्या वाजत: झावळाची सावली, मांजर, पुन्हा झावळाची सावली, एक घुबड. मग माणसापुरतीच घंटा ठेवली. गोठ्यावरच्या कॅमेऱ्यासमोर एका कोळ्याने संसार मांडला आहे, दिव्यांच्या उबेला किडे येतात आणि किड्यांना तो. रात्री त्याचं जाळं अख्ख्या पडद्यावर पांढरं चमकतं. आई सोमवारी आणि शुक्रवारी काठीला कापड बांधून ते पुसते, त्या वेळी कापडाचा फुलाफुलांचा गोळा मोठा मोठा होत येतो. पाचवा चौकोन काळा आहे. त्यावर 'व्हिडिओ नाही' असं येतं. सेटिंगमध्ये जाऊन तो काढून टाकता येतो. काढलेला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास, एकामागून एक चारही चौकोन काळे झाले. आधी चित्र थिजलं, पागोळ्या हवेत लटकल्यासारख्या, मग 'ऑफलाइन'. पोटात गोळा आला. निसर्ग वादळाच्या वेळी, २०२०च्या ३ जूनला, असाच फोन लागायचा बंद झाला होता आणि आईचा आवाज ऐकायला मला चार दिवस लागले होते. या वेळी दुसऱ्या रिंगला उचलला.

"विजा होतायत," ती म्हणाली. "सगळे प्लग काढले. तुझी ती पेटीपण." अर्थातच. आयुष्यभर ती गडगडाट झाला की घरातले सगळे प्लग काढत आली आहे, इन्व्हर्टरची, बॅटरीची, झटका अडवणाऱ्या डबीची एवढी गणितं मी केली आणि हे एक धरलं नाही. मी विचारलं, "झोपली नव्हतीस?"

"झोपतच होते. फिरून येत होते." पलीकडे पाऊस झापांवर आपटत होता. "ओटी झाली, न्हाणी झाली. गज त्या पोराने पक्का केलाय, तरी सवयीने बघते. गोठा झाला. विहिरीकडचा..." मध्ये गडगडलं, शब्द गेला. "...राहिलंय परसदार. थांब हं, तू बोलतोयस तर खरंच जाऊन बघते."

मी फोन कानाशी धरून थांबलो. चपला घासत गेल्या, माजघर, मग स्वयंपाकघराच्या शहाबादीवर त्यांचा आवाज बदलला. कुठेतरी भांड्यात गळतीचं पाणी पडत होतं. मग अडसर ओढल्याचा तो जाड आवाज आला, आणि दार उघडल्यावर पाऊस एकदम मोठा झाला. ती कुणाशी तरी बोलली, "ये, आत ये आधी, भिजतेस कशाला." आणि मग फोनकडे तोंड करून, हळू, "उद्या करते रे तुला."